पाकिटावरचं गाव

आक्काचा फोन दुपारी यायचा, आमची जेवायची सुट्टी असते तेव्हा. ती पुण्यात घराजवळच्या एका मोठ्या दुकानात मटणाच्या फ्रीजपुढं उभी असायची, आणि मी येरमाळ्याच्या पुढं हायवेच्या कडेला, पत्र्याच्या शेडबाहेर लिंबाखाली डबा उघडून बसलेली. फोनमध्ये तिचा चेहरा दिसायचा नाही. दिसायचं ते पाकीट, कॅमेऱ्याच्या इतकं जवळ धरलेलं की एक अक्षर धड लागायचं नाही.

"लांब धर गं जरा."

"आता?"

"आता दिसतंय. तारीख वाच बघू."

ती वाचायची. आवाज आधीच बसलेला, त्यात दुकानातला गोंगाट. एकेक आकडा ती दोनदा सांगायची आणि मी हातातला घास तसाच धरून ऐकायचे.

आक्का माझी थोरली बहीण. आई शेळ्यांमागं माळावर जायची, त्यामुळं माझी वेणी, माझा डबा, माझी पाटी, सगळं आक्काच्या हातून झालेलं. मला शाळेत घातलं तेव्हा तिची शाळा सुटली. लग्न होऊन ती पुण्याला गेली ती तिकडचीच झाली. मी मात्र इथंच, धाराशिव जिल्ह्यात दिली गेले, वाशी तालुक्यातल्या एका गावात. दोन वर्षांमागं तिच्या घशात गाठ निघाली. दवाखान्यात मशीनखाली शेक दिले. शेकानं गाठ आटली म्हणाले, पण बाईच अर्धी झाली. डॉक्टरांनी सांगितलं, अंगात ताकद टिकली पाहिजे, अंडी खा, मटणाचं सूप प्या, फक्त ताजं असलं पाहिजे, खारवलेलं, डब्यातलं काही नको. गल्लीतल्या खाटकाच्या दुकानापाशी गेलं की तिला मळमळायचं. पाकिटाला वास येत नाही, म्हणून ती पाकिटावर आली. आणि पाकिटावर मराठीबरोबर जे इंग्रजी असायचं ते वाचायला मी.

मी अशी पाकिटं भरायच्या ठिकाणीच कामाला होते. बारावी झालेली, इंग्रजी वाचता येतं, म्हणून मालकांनी मला मांस कापायच्या टेबलावर न ठेवता लेबल लावायच्या टेबलावर बसवलं होतं. माझ्याबरोबर आणखी तिघी. आम्ही डोक्याला टोपी, हातात मोजे घालून दिवसभर पाकिटावर चिकटपट्ट्या दाबायचो. आक्काला वाटायचं, माझ्या बहिणीला ह्यातलं सगळं कळतं. खोटं नव्हतं ते. मी तिला शिकवलं.

"वरची तारीख पॅक केल्याची. खालची, त्याच्या आत खायचं ती. चिल्ड लिहिलं असंल तर नुसतं थंड ठेवलेलं. फ्रोजन म्हणजे बर्फ केलेलं. ते एकदा सुटलं की परत बर्फात टाकायचं न्हाय. पाकिटात तांबडं पाणी लई साचलं असंल तर उचलूच नको."

"बरं. अजून?"

"कशाचं हाय ते वाच. नुसतं मटण लिहिलं तर त्याचा अर्थ काहीबी व्हतो. बोकड लिहिलेलं पायजे. आन् पत्ते दोन असतात, आक्का. एक पाकीट भरणाऱ्याचा. दुसरा, जनावर कुठलं त्याचा. लोक पहिला वाचतात आन् घेतात. तू दुसरा वाच."

"आईला कुठं असलं वाचायला लागायचं," ती म्हणायची.

आईला खरंच लागायचं नाही. आमच्याकडं काळ्याभोर शेळ्या होत्या, लांब लोंबत्या कानांच्या, वेताला दोन-दोन करडं देणाऱ्या. सणावाराला मटण आणायचं तर आई स्वतः जायची. टांगलेल्या धडाला खाटकानं शेपूट ठेवलंय का ते आधी बघायची, कारण शेपटावरून बोकड का मेंढरू ते कळतं. मग चरबीला बोट लावायची. मेंढराची चरबी मांसात मुरलेली असते आणि बोटाला मेणासारखी धरते. बोकडाची वेगळी, आतल्या अंगाला. खाटीक म्हणायचा, "मावशी, तुम्हाला कोण फसवणार?" आई गेली आणि शेळ्याही गेल्या. ज्या माळावर चरायच्या तिथं पवनचक्क्या उभ्या राहिल्या, उरला तो माळ लोकांनी नांगरून सोयाबीन केलं. भावानं शेवटच्या चार शेळ्या बाजारात नेल्या तेव्हा मी माहेरीच होते.

एका दुपारी आक्का फोनवर जवळजवळ ओरडली तेव्हा मला कळलं नाही, काय झालं ते.

"अगं, आपलं हाय! उस्मानाबादी बोकड लिहिलंय. खाली धाराशिव जिल्हा. दोन्ही एकच की गं?"

"एकच. जिल्ह्याचं नाव बदललं, शेळीचं तेच राहिलं."

"आन् भरणाऱ्याचा पत्ता येरमाळ्याचा. तुमचंच का हे?"

आमचंच होतं. लेबल सरळ होतं की वाकडं, हे मी आधी बघितलं. मग हसू आलं. आम्ही दोघी फोनवर किती वेळ नुसत्याच हसत बसलो. त्या दिवशी तिनं अख्खं वाटीभर सूप प्यायलं, असं दाजींनी संध्याकाळी कळवलं. तेव्हा आमच्या शेडमध्ये येणारं जनावर खरंच इकडचं होतं. ईट गावाकडून, वाशीच्या बाजारातून, भूमच्या वाड्या-वस्त्यांवरून छोट्या टेम्पोत बोकडं यायची, मी डोळ्यानं बघायचे. त्या वर्षी मला माझं काम आवडत होतं. हे मी मुद्दाम सांगते, नाहीतर पुढचं वाचून वाटेल की मला पहिल्यापासून सगळं माहीत होतं.

मग टेम्पो कमी झाले. आठवड्याला पाच यायचे त्याचे दोन, मग एक. पाऊस ओढ देत होता, त्यात पाळणारी माणसं म्हातारी झालेली. एका सकाळी शेडपुढं मोठी गाडी लागली. तिच्यात जनावरं नव्हती. खोकी होती, बर्फाची वाफ सुटलेली. आम्हा चौघींना सांगितलं, खोक्यावरचे जुने कागद खरवडून काढा आणि आतल्या पिशव्यांवरचे पण. कागद एका पोत्यात भरा.

माझ्या शेजारची बाई भराभर खरवडत होती. तिला इंग्रजी येत नव्हतं. मला येत होतं. खोक्यावर दुसऱ्याच राज्यातल्या एका शहराचं नाव होतं. मांस कशाचं, त्या ओळीत एकच शब्द होता, आणि तो मेंढीसाठीचा होता. बर्फ केल्याची तारीख बऱ्याच महिन्यांमागची. मी मोजा काढला आणि सुटायला लागलेल्या एका तुकड्याच्या चरबीला बोट लावलं. मेणासारखं बोट धरलं तिनं.

दुपारपर्यंत ते मांस कापून आमच्या पाकिटात आलं. माझ्यापुढं नेहमीच्या लेबलांचा गठ्ठा ठेवला. उस्मानाबादी बोकड. धाराशिव जिल्हा. चिल्ड. आजची तारीख.

मी उठून मालकांच्या खोलीत गेले. मालक वाईट माणूस नव्हते, हे आजही म्हणते. शेतकऱ्याच्याच घरातले, आम्हा बायांशी कधी वेडंवाकडं बोलले नाहीत.

"मालक, हे आपलं न्हाय."

"ठाऊक हाय, ताई. बसा."

"मेंढी हाय ती. आन् लेबल बोकडाचं."

त्यांनी खिडकीतून बाहेर बोट दाखवलं. बाहेर रिकामं अंगण होतं, दावणीच्या खुंट्या होत्या. "बोकडं कुठायत ते तुम्ही सांगा. म्या आत्ता गाडी धाडतो. तुमच्या माहेरी किती शेळ्या हायेत?"

मी दावणीच्या खुंट्यांकडं बघितलं.

"तुमच्या सासरी?"

"न्हायत."

"मंग? शेळ्या आपुनच इकल्या. आता नाव तेवढं राहिलंय. पुण्या-मुंबईला नाव पायजे, आन् नाव आपलंच हाय, कुणाचं चोरलं का म्या? त्या मांसानं कुणाला काही व्हत न्हाय. चांगलं हाय ते."

"मंग त्याचं खरं नाव लावा."

ते हसले नाहीत, चिडलेही नाहीत. "लावलं आसतं. कुणी घ्यायचं न्हाय. मंग तुम्ही चौघी आन् कापणारी दहा माणसं कुठं जाणार?"

मी परत टेबलावर येऊन बसले. पहिलं पाकीट उचललं. एवढं बोलून आले होते तरी हाताला सवय होती, लेबल नीट बसलं.

त्याच दुपारी आक्काचा फोन आला. "आज आपलंच घेतलंय बघ," ती म्हणाली आणि पाकीट कॅमेऱ्यापुढं धरलं. ते आधीचं असणार, आजचं अजून गाडीतही चढलं नव्हतं. तरी मी तारीख वाचून बघितली. मग म्हणाले, "आक्का, अंडी खात जा की. अंड्यात ताकद जास्त."

"अंडं गिळत न्हाय गं. घशाला लागतं."

त्यानंतर तीन आठवडे मी तिला कधी अंडं, कधी मूग, कधी नाचणीची आंबील सुचवत राहिले. ती ऐकून घ्यायची आणि दुकानात जाऊन तेच पाकीट आणायची. खरं काय ते सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते माझ्या तोंडातून निघत नव्हतं. शेवटी मी तिला न सांगता दुसरीकडं सांगायचं ठरवलं.

रजा टाकून मी धाराशिवला गेले. अन्नभेसळीच्या कचेरीत अर्ज दिला, स्वतःच्या अक्षरात लिहिलेला, नाव न टाकता. टेबलामागच्या माणसानं तो शांतपणे वाचला.

"मांस खराब आहे का, बाई?"

"न्हाय."

"कुणाला खाऊन त्रास झाला?"

"तसं ऐकण्यात न्हाय."

"मग नेमकी तक्रार काय?"

"जे लिहिलंय ते त्यात न्हाय, साहेब. जनावर वेगळं, गाव वेगळं, तारीख वेगळी. माणूस वाचून घेतो. वाचलेलंच खोटं असंल तर त्यानं काय करायचं?"

त्यानं मान हलवली. खरंच वाईट वाटल्यासारखी हलवली. अर्जावर शिक्का मारला आणि म्हणाला, बघतो.

त्यांनी बघितलं, हेही खरं. पंधरा दिवसांनी दोन माणसं गाडीतून आली. त्याच्या आदल्या दिवशी अंगणात बारा काळी बोकडं आणून बांधली होती. कशी कळली मालकांना बातमी, मला माहीत नाही. पाहुण्यांनी बोकडांचे फोटो काढले, कागद तपासले, फ्रीजरचं तापमान लिहून घेतलं. फरशी फुटलेली होती, तिच्याबद्दल शेरा मारला. फरशी बसवेपर्यंत शेड चार दिवस बंद राहिली. खोकी त्याआधीच दुसरीकडं हलवली होती.

पाचव्या दिवशी कामावर गेलो तेव्हा माझ्या शेजारची बाई पाकिटं आपटत होती. चार दिवस घरी बसावं लागलं होतं तिला, घरात आजारी सासू.

"कुणीतरी खाल्ल्या घरचे वासे मोजले," ती म्हणाली. "कळू दे कोण ती. झिंज्या उपटीन."

"असंल कुणीतरी," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडं बघितलं, मग लेबलांचा गठ्ठा निम्मा करून माझ्यापुढं सरकवला. तिला कळलं की नाही, मला शेवटपर्यंत समजलं नाही. नंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलायला लागली.

उन्हाळ्यात दाजींचा फोन आला की आक्का आता दुकानापर्यंत चालू शकत नाही, तू आठ दिवस येऊन जा. मी येरमाळ्याहून एसटी धरली. सगळ्या वाटेनं एकच ठरवत होते. समोरासमोर बसून सांगायचं. ती रागावेल, रडेल, काय व्हायचं ते होईल. आजारी माणसाला आपल्याच हातानं खोटं भरवायचं नाही.

ती पलंगावर उशीला टेकून बसली होती. मनगट माझ्या दोन बोटांत मावलं. मी सूप केलं, फ्रीजमध्ये होतं त्याच पाकिटातलं, वरची चरबी काढून, मिरं टाकून, गाळून. चमच्यानं भरवायला लागले. चौथ्या चमच्याला तिनं हात वर केला.

"आक्का," मी म्हणाले, "ह्या पाकिटाचं तुला एक सांगायचं व्हतं."

"काय? तारीख गेली का?"

"तारखेचं न्हाय गं."

तिनं दाराकडं बघितलं, दाजी बाहेर आहेत ना याची खात्री केली. मग आवाज अजून खाली आणला.

"आधी म्या तुला एक सांगती. मला चव लागत न्हाय. शेक झाल्यापासनं न्हाय. मीठ घातलं काय आन् न्हाय घातलं काय. ह्यांना बोलू नको, ते लई हौसेनं करतात. मंग म्या काय करती, ते पाकीट इथं उशाला घेती. वाचती. धाराशिव जिल्हा, येरमाळा. आई डोळ्यापुढं येती, शेळ्या येतात, तू तिथं बसून चिकटवतीस ते येतं. मंग गिळतं. दुसरं काही आणलं तर गिळतच न्हाय."

उशीच्या बाजूला खरंच धुऊन वाळवलेलं एक पाकीट होतं, घडी घातलेलं.

मी चमचा भरला.

"तू काय सांगत व्हतीस?" तिनं विचारलं.

"काही न्हाय. एकदा सुटलेलं परत बर्फात ठिवू नका, एवढंच."

"ठाऊक हाय. तूच तर शिकवलंस."

दुसऱ्या दिवशी घरातलं पाकीट संपलं आणि आणायला मी गेले. फोनमध्ये कित्येकदा पाहिलेलं ते दुकान पहिल्यांदाच डोळ्यासमोर होतं. फ्रीजमध्ये आमची पाकिटं ओळीनं लावलेली. बॅच नंबर मी ओळखत होते. ती पाकिटं भरली त्या दिवशी कोणती गाडी आली होती, तेही आठवत होतं. मी दार उघडून तशीच उभी राहिले असेन, कारण एक म्हातारे गृहस्थ जवळ येऊन म्हणाले, "बाई, चष्मा विसरलोय. जरा वाचून दाखवता? मला बोकडाचंच पाहिजे, दुसरं सोसत नाही."

त्यांच्या हातात आमचंच पाकीट होतं.

मी त्यांना सांगू शकले असते. ते माझे कुणी नव्हते, त्यांच्या उशाला ते पाकीट नव्हतं. घेऊ नका, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. ते कारण विचारतील, मी कारण सांगेन, मग तेच पाकीट मीही हातात घेतलेलं त्यांना दिसेल, एवढा सगळा विचार मी तिथं उभी राहून केला. मग लेबल वाचून दाखवलं, वरपासून खालपर्यंत. जनावर, जिल्हा, तारीख, सगळं.

"धाराशिव म्हणजे उस्मानाबाद ना? मग चांगलं असणार," ते म्हणाले आणि पाकीट टोपलीत ठेवलं. जाताना आभार मानले.

मी एक घेतलं. ताजी तारीख बघून घेतलं, कशासाठी कोण जाणे.

पावसाळा सरता सरता आक्का गेली. शेवटचे पंधरा दिवस तिला पाणीसुद्धा नळीतून द्यावं लागलं. दहाव्याला मी गेले होते. दाजी सगळ्या पाहुण्यांना सांगत होते, "हिच्या धाकट्या बहिणीनं गावाकडचं मटण पुरवलं म्हणून एवढे दिवस तरी काढले तिनं." बायका माझ्याकडं वळून बघायच्या, एकीनं पाठीवर हात ठेवला. मी खाली बघून बसले. तिथं ते खोडून काढणं म्हणजे दाजींच्या हातातलं शेवटचंही काढून घेणं, असं मी स्वतःला सांगितलं. कदाचित मला नुसतीच भीती वाटत असेल. ह्यातलं खरं कोणतं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

परत आल्यावर मी काम सोडलं. महिनाभर सोयाबीन काढायला जात होते. सुगी संपली तसं तेही संपलं. एका सकाळी मालकांचा निरोप आला, लेबल वाचणारं कुणी नाही, तारखा उलट्यासुलट्या लागतायत, या. मी दोन दिवस थांबले आणि गेले. मालकांनी काही विचारलं नाही. टेबलावर दोन नव्या पोरी होत्या, गावातल्याच, आताच शाळा सोडलेल्या. शेजारच्या बाईनं सरकून मला जागा दिली.

लेबल नवं आलं होतं. कोपऱ्यात मोबाईलनं वाचायचा काळा चौकोन होता. तो वाचला की डोंगरउतारावर चरणाऱ्या शेळ्यांचा फोटो उघडायचा. डोंगर आपल्याकडचा नव्हता, एवढं गवत आपल्याकडं कधी नसतं.

"काकू, हे कुठं चिकटवायचं?" नव्यातल्या एकीनं विचारलं.

मी तिचं बोट धरून जागा दाखवली. चौकोन दुमडला जाऊ द्यायचा नाही, तारखेवर यायला नको, आणि हवा राहू नये म्हणून मधून कडेला दाबत जायचं. तिनं दोन-तीन वाया घालवली. मग तिला जमायला लागलं.